सारवलेले घर

आर्णीच्या दवाखान्यात रुपीबाई राठोड यांची साखर प्रत्येक तपासणीत प्रमाणात निघे. पायाच्या अंगठ्याची जखम मात्र चिघळतच चालली होती.

या खेपेस डॉ. काळमेघांनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करवली. साखर भयंकर वाढलेली होती. दिवसभर रुग्ण तपासून डॉक्टरांना रागावण्याचेही त्राण उरले नव्हते. त्यांनी नुसते विचारले, "रुपीबाई, इथं यायच्या आधी काय करता?"

हे त्यांनी आजवर कधी विचारले नव्हते.

"दोन रोज निरं ताक पिऊन राह्यते, साहेब."

"काहून?"

"पाव्हना येनार म्हंजे घर सारवतोच ना आपुन? साखर वाढली का तुमी किती चिल्लावता! आमच्या तांड्यातल्या समद्या बाया असंच करतेत."

"आणि घरी गेल्यावर?"

"मंग जेवतो ना पोटभर."

अंगठा आता काढावाच लागणार होता. डॉक्टरांनी ते हळू आवाजात सांगितले. रुपीबाईंनी मान डोलावली.

बाहेरच्या बाकावर त्याच तांड्यातल्या बायका आपला नंबर लागण्याची वाट पाहत होत्या. साखर वाढली की डॉक्टर रागावत. म्हणून त्यांच्यापैकी एकीचीही साखर दवाखान्यात आता कधी वाढलेली निघत नव्हती.