सिंधूकाकूंचा हात
लातूरला क्लासेसच्या गल्लीत सिंधूकाकूंची मेस होती. तिथं जेवणाऱ्या तीन मुलींना कावीळ झाली आणि आईबाप त्यांना गावी, किनवटला घेऊन गेले. काकूंचं जेवण बाधलं, असं गल्लीत सगळेच म्हणू लागले. काकूंनी मेस बंद केली आणि आपल्या हातांकडे बघत त्या दारात बसून राहू लागल्या. आरोग्य प्रयोगशाळेतल्या मुबश्शिरा मॅडमनी मात्र घरोघरच्या नळांचं पाणी तपासायला नेलं. सगळ्याच नळांचं पाणी खराब निघालं, तेव्हा त्यांनी गटारीजवळ खणून घेतलं. नळाची पाइपलाइन फुटली होती आणि गटारीचं पाणी तिच्यात शिरत होतं. मॅडम तिथून थेट काकूंकडे आल्या. "काकू, घाण पाण्यात होती. तुमच्या हाताचा काई दोष न्हाई." "खरं सांगायलीस का, माय?" काकूंचे डोळे भरून आले. "पण लोकायला कोण सांगावं?" शेजारणी आपापल्या दारातून बघतच होत्या. मॅडमनी चपला काढल्या आणि मेसमधल्या सतरंजीवर मांडी घातली. "लई भूक लागली, काकू," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पाणी उकळून घ्या अन् भाकरी टाका." काकूंनी पाणी उकळलं आणि पीठ मळलं. गरम भाकरी आणि वरण मॅडम मिटक्या मारत खाऊ लागल्या, तशा शेजारणी एकेक करून आत आल्या. "अजून एक टाकू का?" काकूंनी हळूच विचारलं. घरून पोटभर जेवून निघालेल्या मुबश्शिरा मॅडम म्हणाल्या, "दोन टाका."