दारावरचा पहारा

"नागीण आहे," रुग्णाच्या सदऱ्याची कड वर धरून डॉक्टरबाई म्हणाल्या. कमरेभोवती फोडांचा अर्धा पट्टा उठला होता.

त्याच्या बायकोने आधी फोड पाहिले आणि मग दाराच्या काचेतून बाहेर. बाहेरच्या बाकावर नणंद बसली होती. वन्संनीच आपल्या मूळपेशी देऊन भावाला मरणाच्या दारातून परत आणलं, हे तिला मान्य होतं. पण गेल्या महिन्यात त्या जिन्यात खोकल्या होत्या, हेही ती विसरली नव्हती. तेव्हापासून त्यांना उंबरा बंद झाला. भाऊ खिडकीतून हात हलवायचा, बहीण रस्त्यावरून.

एरवीही पहारा कडकच होता. दुधाची पिशवी साबणाने न्हाऊन घरात यायची. वर्तमानपत्राला इस्त्री व्हायची. चौकशीला आलेली शेजारीण, बंद दारामागून "बरं आहे" एवढं ऐकून परत फिरायची.

"डोळ्यांत तेल घालून जपलं, तरी कुणीतरी आणलीच ही ब्याद," ती म्हणाली. "कुणी, तेही मला ठाऊक आहे."

"बाहेरून कुणी आणली नाही हो. हा कांजिण्यांचाच विषाणू. लहानपणी शिरतो आणि जन्मभर नसांमध्ये झोपून राहतो. बहिणीकडून मिळालेली यांची नवी प्रतिकारशक्ती अजून रांगतेय, तेवढ्यात हा जागा झाला. लवकर आलात, औषधाने आटोक्यात येईल." डॉक्टरबाई तिच्या नवऱ्याकडे वळल्या. "काका, कांजिण्या कधी झाल्या होत्या?"

आग आग होत होती, तरी मास्कच्या वर त्याचे डोळे हसले.

"दुसरीत. माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. एकही दिवस शाळा न बुडवल्याचं बक्षीस हवं होतं तिला. अंगभर पुरळ घेऊन आली. वर माझी पाटी स्वतःच्या ओल्या रुमालाने पुसून दिली."

बायको हातातल्या सॅनिटायझरच्या बाटलीचं झाकण उगाचच घट्ट करू लागली.

"तिला जाब नाही विचारलात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"धीर झाला नाही. अजूनही होत नाही."

डॉक्टरबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि औषध लिहायला मान खाली घातली.

बायको उठली. तिने दार सताड उघडलं.

"वन्सं, आत या," ती म्हणाली. "ह्यांच्याजवळ तुम्ही बसा. बाहेर मी बसते."