ओट्यावरचा फोन

अण्णांच्या कानातलं मशीन दुपारपर्यंतच मान टाकायचं. शेवटी मुलगा शौनक नवीन घेऊन आला. "यात सगळी मेहनत फोन करतो, अण्णा. तोच आवाज पकडणार, साफ करणार आणि तुमच्या कानात पाठवणार. मशीनची बॅटरी झकास टिकते."

मशीनची टिकली, फोनची वाट लागली. मुलुंडच्या त्या वन बीएचकेत रिकामा प्लग एकच, स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी. फोन दिवसभर तिथे चार्जिंगला आणि अण्णा हॉलमध्ये आपल्या आरामखुर्चीत. बहिऱ्या माणसाच्या घरात हळू बोलायचे कष्ट कोण घेतो?

"रविवारी अण्णा बागेत फिरायला गेले की भंगारवाल्याला बोलाव," सून अस्मिता ओट्याशी उभी राहून शौनकला म्हणाली. "ती खुर्ची जाऊ दे रे एकदाची."

"आणि अण्णांनी विचारलं तर?"

"सांगू, वाळवी लागली होती."

रविवारी भंगारवाला दारात आला, तेव्हा अण्णा खुर्चीतच पाय पसरून बसलेले. शौनक दारातच घुटमळला.

 

"अरे, त्याला तो मिक्सर देऊन टाक," अण्णा म्हणाले. "तो सुरू झाला की सूनबाईंचं बोलणं नीट ऐकू येत नाही."