भरून आलेली जखम

हिल्काबाईंच्या नडगीवरची जखम दोन वर्षं भरत नव्हती. शेवटी नर्स तुइरे दर गुरुवारी घरी येऊन तिच्यावर जिवंत जंतूंचा लेप लावू लागली.

"म्हणजे विरजणच की गं!" हिल्काबाई पहिल्या दिवशी हसल्या होत्या. "दह्यासारखं आपलं विली वाडग्यातून खायचं सोडून पायाला फासायचं?"

पाचव्या गुरुवारी जखम पुरती भरली. कुठे होती, ते शोधूनही सापडेना. तुइरेला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं.

"तेवढं हे बघ," हिल्काबाईंनी तळहातावरची मोत्यांची कानातली पुढे केली. "चाळीस वर्षं घालतेय. आज जाईनात मेली."

दोन्ही पाळ्या तान्ह्या बाळासारख्या कोऱ्या होत्या; भोकं बुजली होती.

"वयाने होतं असं," तुइरे म्हणाली. होतं का, ते तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या गुरुवारी दार उघडंच होतं. हिल्काबाई नाकापर्यंत गळपट्टा ओढून टेबलाशी बसल्या होत्या. समोर विलीचा वाडगा, त्यात स्ट्रॉ.

"हसू नकोस हं," त्या कशाबशा पुटपुटल्या आणि गळपट्टा खाली केला.

ओठ दोन्ही कडांनी जुळत आले होते. मध्ये स्ट्रॉपुरती फट उरली होती. बाकी नितळ कातडी.

तुइरे धावत अंगणात आली. तिने डॉक्टरांना फोन लावला आणि उजव्या कानाशी धरला. आवाज येईना. तिने पडद्याकडे पाहिलं. सेकंद पुढे सरकत होते; डॉक्टरांनी फोन केव्हाच उचलला होता.

तिने कानात बोट घालून पाहिलं.

बोट आत गेलं नाही.