नवऱ्याचं नाव

बावन्न सालच्या निवडणुकीत मी वर्ध्याच्या एका मतदान केंद्रावर नावं तपासायला बसलो होतो. यादीत दोन देवकाबाई होत्या, म्हणून समोर आलेल्या देवकाबाईंना मी नवऱ्याचं नाव विचारलं. त्यांनी पदर ओठांशी धरला.

"उखाण्यात घे ना वं बाई, गुरुजीले चालते!" मागची म्हणाली आणि बायकांची सगळी रांग हसली.

"मत द्याची लय हौस होती, गुरुजी. पण नाव नाई घेत मी," एवढंच बोलून देवकाबाई मत न देता वळल्या.

फळ्यापाशी अडखळलेल्या मुलांना सांगतो तसं मी त्यांना सांगितलं, "पुढच्या वेळी लाजायचं नाही हं."

सत्तावन्न साली मी पुन्हा त्याच केंद्रावर होतो. देवकाबाई आल्या आणि मी विचारायच्या आतच स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "नत्थूजी."

"शाब्बास! लाज मोडली म्हणायची," यादीवर खूण करता करता मी म्हणालो.

"लाज नव्हती, गुरुजी. नाव घेतलं तं नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हणत, म्हणून भेव वाटे. ते पोळ्याले वारले. आता काऊन भेऊ?"