डोंगरावरचं फाटक

रेडिओवर निकाल सांगितला तेव्हा लाँड्रीवाली एका सदऱ्याची कॉलर दाबत होती. इस्त्री जागच्या जागी थांबली. करपल्याचा वास सुटला तेव्हा नवऱ्याने पुढे होऊन ती उचलली.

"अगं, लक्ष कुठंय तुझं?"

"डॉक्टर निवडून आले," ती म्हणाली.

"ऐकलं मी." त्याने सदरा उजेडात धरून पाहिला. "कॉलर बदलून द्यावी लागेल."

एवढंच बोलून तो धुतलेल्या चादरींकडे वळला. बाहेर कुणीतरी पत्र्याचा डबा बडवायला सुरुवात केली होती, आणि बघता बघता सगळी गल्ली डबे बडवू लागली.

समोरचा बेकरीवाला हाताचं पीठही न झटकता धावत आला. "काकू, अजून इस्त्रीच चाललीय तुमची? डॉक्टर दर सभेत काय सांगत होते? राष्ट्राध्यक्ष झालो की पहिलं काम, डोंगरावरच्या तुरुंगाचं फाटक उघडणार. लेक येतोय तुमचा."

"येऊ दे रे बाबा," ती हळूच म्हणाली.

तिच्या मुलाने कॉलेजच्या भिंतीवर तेव्हा सत्तेवर असलेल्या साहेबांविरुद्ध चार ओळी लिहिल्या होत्या. त्याला नेलं ते नेलंच. भेट नाही, पत्र नाही. महिन्यातून एकदा फाटकाच्या खिडकीतून गाठोडं तेवढं देता येई.

शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई आपली शाल न्यायला आल्या होत्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी साहेबांना मत दिलं होतं आणि ते त्यांनी कधी लपवलंही नव्हतं.

"तुमच्या मुलासाठी बरं वाटतं हो," त्या म्हणाल्या. "पण आता रोज मोर्चे आणि दगडफेक. साहेबांच्या काळात निदान रस्त्यावरचे दिवे वेळेवर लागत होते."

"लागणारच की, बाई," बेकरीवाला म्हणाला. "तोंड उघडणारे सगळे अंधारात नेऊन ठेवले होते ना."

"तू आपले पाव भाज. माझ्या वर्गात असतास तर कोपऱ्यात उभा केला असता."

"तुमच्याच वर्गात होतो की. कोपऱ्यातच होतो."

मोठ्या बाईंना रडता रडता हसू आलं. शाल छातीशी धरून त्या निघून गेल्या.

मग एका हवालदाराची बायको आली. नवऱ्याची वर्दी तयार होती, पण ती काउंटरशी घुटमळली. "वहिनी, जुन्या कागदात गुंडाळून द्याल का? वरून दोरी बांधा. बाहेर दिसायला नको."

लाँड्रीवालीने काही न विचारता वर्दी गुंडाळली. दोरीची गाठ मारताना तिला वाटलं, आज या गल्लीत आपल्यासारखीच भ्यालेली ही एकच.

कारण लाँड्रीवालीचा मुलगा येणार नव्हता.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्या तुरुंगातून सुटलेला एक माणूस दुकानात आला होता. नवरा साबणाची गोणी आणायला गेला होता. त्या माणसाच्या हातात धुवायचे कपडे नव्हते, म्हणून तिला तेव्हाच कळायला हवं होतं. तुमच्या मुलाला ताप आला होता, तो म्हणाला. औषध मिळालं नाही. मागच्या भिंतीला लागून पुरलं.

नवरा तेव्हा हृदयाच्या दुखण्यातून नुकताच उठला होता. त्याला धक्का बसता कामा नये, असं इस्पितळातून बजावलं होतं. जरा बरे होऊ देत, मग सांगू, असं तिने ठरवलं. पण मग ते राहून गेलं.

ती दर महिन्याला गाठोडं बांधत राहिली. लोकरीचे मोजे, साबण, कानटोपी. नवरा ते घेऊन डोंगराची बस पकडी. तिने सोबत येते म्हटलं की तो म्हणे, "तुझे गुडघे चढाचे नाहीत." संध्याकाळी दमून परत येई. "घेतलं त्यांनी. बरा आहे म्हणाले." आणि ती त्याच्यापुढे ताट ठेवी.

देवासमोर ती रोज बसे, पण स्वतःसाठी कधी काही मागत नसे. या निवडणुकीत मात्र तिने मागितलं, आणि मागितलं तेही असं. मतदानाच्या दिवशी देवाचं नाव घेऊन तिने साहेबांच्या नावापुढे शिक्का मारला. ज्याने मुलगा नेला त्याच्याच नावापुढे. फाटक बंद राहिलं असतं, तर मुलाच्या बापाला दर महिन्याला जायला एक ठिकाण राहिलं असतं.

दुपारी बेकरीवाला पुन्हा आला. "काका, बस ठरवलीय. फाटक आजच उघडणार म्हणतात. वर ज्यांची ज्यांची मुलं आहेत ते सगळे निघालेत. आवरा लवकर."

नवरा स्टुलावर बसून बूट घालत होता. त्याचा चेहरा चादरीसारखा पांढरा पडला होता. "तू नको येऊस," तो तिला म्हणाला. "गर्दी असेल. मी बघून येतो."

फाटकातून एकेक जण बाहेर येईल. हा टाचा उंचावून बघत राहील. शेवटचा माणूस निघून गेला तरी बघत राहील. आणि मग कुणीतरी परका माणूस येऊन याला सांगेल.

तिने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"अहो, थांबा. एक सांगायचंय. नंतर हवं तर बोला मला."

त्याने मान वर केली.

मुलाचं नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. मग जे त्यातल्या त्यात सोपं होतं, ते तिने आधी सांगितलं. "मी डॉक्टरांना मत नाही दिलं. साहेबांना दिलं."

आता तो का म्हणून विचारेल, आणि मग सांगावंच लागेल. ती काउंटरची कड धरून उभी राहिली. बाहेर बसचा हॉर्न वाजला. बेकरीवाल्याने हाक मारली.

त्याने काहीच विचारलं नाही. घातलेला बूट त्याने पुन्हा काढून ठेवला.

"मीसुद्धा," तो म्हणाला.