कारणे दाखवा

कागलजवळच्या फाउंड्रीत क्रेन थांबवायची असेल, तर आता मोबाईलवर अर्ज करून तीन साहेबांची मंजुरी घ्यावी लागत होती. हे सगळे टप्पे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑफिसातल्या वल्लरीनंच बसवले होते.

ही पद्धत सुरू झाल्याच्या पंधराव्या दिवशी मुकादम भरमाप्पांना क्रेनच्या साखळीला तडा दिसला. अर्जाच्या भानगडीत न पडता त्यांनी क्रेन बंद केली आणि खालच्या चौघांना लांब पिटाळलं. दहाच मिनिटांत साखळी तुटली. वितळलेल्या लोखंडाच्या रसाचं भांडं रिकाम्या जागेत कोसळलं, कुणाला साधं खरचटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरनं आपोआप नोटीस काढली : 'मंजुरीविना काम थांबवले. खुलासा करावा.'

नोटीस रद्द करा म्हणून वल्लरी मोठ्या साहेबांकडे जाऊन आली. "नियम सगळ्यांना सारखा," एवढंच ते म्हणाले.

दुपारी भरमाप्पा मोबाईल घेऊन तिच्या टेबलाशी आले. "मॅडम, एवढं लिवायला मला जमत न्हाय. उत्तर तेवढं टाकून द्या की."

तिला त्यांच्याकडे बघवेना. "काय लिहू, मामा?"



"लिवा, चूक झाली. पुढच्या येळंला मंजुरी येईस्तवर क्रेन चालूच ठेवतो."